पुलपेतचं वजन

किंगाने बाल्कनीच्या जाळीवर मूठ टेकवली आणि अंगाचा सगळा भार त्या मुठीवर टाकला. जाळी तसूभरही हलली नाही. मग ती गुडघ्यांवर बसली, जाळीची खालची कड बोटांनी चाचपत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकली आणि उठून हातातल्या कागदावर एक खूण केली.

"कोणी बसवली?"

"मीच," इर्मीना म्हणाली. "दर वीस सेंटिमीटरला एक हूक."

"आम्ही तीस सांगतो."

"वाचलं मी. वीस बरं वाटलं."

किंगा हसली. ती तिशीची, दिवसा टाइल्सच्या दुकानात काम करणारी, आणि उरलेला वेळ मांजरांच्या संस्थेला वाहिलेली मुलगी होती. तोरून शहरात या संस्थेकडून मांजर घ्यायचं तर आधी ती घर बघायला येई. इर्मीनाने सकाळीच चीजचा केक भाजून ठेवला होता आणि घरातल्या चारही खिडक्या बंद ठेवल्या होत्या. इथल्या सगळ्या खिडक्या वरून आत कलतात, आणि हवा यावी म्हणून लोक त्या हिवाळाभर तशाच कललेल्या ठेवतात. मांजर त्या फटीतून बाहेर जायला बघतं, घसरतं आणि खालच्या अरुंद कोनात अडकतं. जितकी धडपड करावी तितकं खाली. अशी दोन मांजरं किंगाने स्वतःच्या हातांनी काढली होती. त्यातलं एक जिवंत होतं. हे तिने प्रत्येक घरी सांगायचं असल्यासारखं एका सुरात सांगितलं. इर्मीनाने चारही खिडक्यांच्या दोन्ही बाजूंना फट झाकणाऱ्या पट्ट्या लावून घेतल्या होत्या. किंगाने त्याही ओढून पाहिल्या आणि आणखी चार खुणा केल्या.

इर्मीना त्र्याहत्तर वर्षांची होती. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं ती काचेच्या बशांमध्ये वाढलेल्या जंतूंचे ठिपके मोजत आली होती. नवरा झेनोन जाऊन सहा वर्षं झाली. मूल नव्हतं. मांजर पाळायचं तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं; औषधाच्या दुकानात रांगेत उभी असताना तिने भिंतीवरचा एक कागद वाचला, एवढंच. वर फोटो होता. अंगावरचे सगळे केस उतरवलेली, फक्त डोकं आणि शेपटीचा गोंडा राखलेली एक मांजर कॅमेऱ्याकडे अत्यंत नाराजीने बघत होती. खाली लिहिलं होतं: पर्शियन, मादी, नऊ वर्षं, कागदपत्रांसह. इर्मीनाला रांगेतच हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलेलं ते हसू तिचं तिलाच अनोळखी वाटलं, आणि पुढच्या माणसाने वळून पाहिलं.

ही मांजर एका पैदास करणाऱ्या बाईच्या घरातून आली होती. बाई आजारी पडली, दवाखान्यात गेली, आणि बावीस जातिवंत मांजरं पिंजऱ्यांत राहिली. संस्थेने नेली तेव्हा या एकीच्या केसांचं चिलखत झालं होतं. डॉक्टरांनी ते एका अखंड तुकड्यात कापून काढलं. वंशावळीच्या कागदावर तिचं नाव होतं सेलेस्तिना, 'पांढऱ्या वाड्याची'. खाली चार पिढ्यांची तीस नावं, प्रत्येकापुढे रंग आणि बक्षिसं. केस उतरल्यावर संस्थेतल्या मुलींनी तिचं नाव ठेवलं पुलपेत, म्हणजे खिम्याचा गोळा.

पर्शियन म्हटल्यावर फोन खूप आले होते, किंगा केक खाता खाता सांगत होती. नऊ वर्षांची, दात काढलेले, डोळे रोज दोनदा पुसावे लागतात, असं ऐकलं की लोकांना एकदम आठवे की आपण भाड्याच्या घरात राहतो.

मग ती शेवटच्या पानाकडे वळली. "सत्ताविसावा प्रश्न रिकामा सोडलाय तुम्ही."

सत्ताविसावा प्रश्न सत्तरीच्या पुढच्या लोकांसाठी होता. तुमच्यानंतर मांजर कोण घेईल? नाव, फोन नंबर, सही.

"विसरले," इर्मीना म्हणाली.

ती विसरली नव्हती. गेल्या दोन आठवड्यांत तिने चार फोन केले होते. श्चेचिनला राहणाऱ्या झेनोनच्या पुतणीने नवऱ्याला केसांची अॅलर्जी असल्याचं सांगितलं आणि लगेच तब्येत विचारली. प्रयोगशाळेतली एक जुनी सहकारी आता स्वतःच वृद्धाश्रमात होती. शेजारच्या जिन्यातल्या बाईंकडे कुत्रा होता. चौथा फोन दंतवैद्याच्या दवाखान्यातल्या ओळखीच्या नर्सला केला. ती इतक्या अवघडलेल्या आवाजात नाही म्हणाली की इर्मीनाने तिचीच समजूत काढली. त्यानंतर फोनच्या वहीत उरलेल्या नावांवर रेघा मारलेल्या होत्या.

एका नावावर मात्र रेघ नव्हती. तिने पेन उचललं आणि ते नाव लिहिलं: बोग्ना शिकोरा. पुढे फोन नंबर. तो बघून लिहायची गरज पडली नाही.

"आणि सही?" किंगाने विचारलं.

"ती सध्या गावात नाही. आल्यावर देईल."

"काही हरकत नाही, मी एक फोन करून घेते. मग सुट्टीनंतर करार करू." किंगाने कागद गोळा केले, आणि दारात वळून म्हणाली की अशी जाळी तिने अख्ख्या वर्षात पाहिली नव्हती.

बोग्ना इर्मीनाच्या शेजारच्या टेबलावर एकतीस वर्षं बसली होती. निवृत्तीनंतर दोघी रोज संध्याकाळी सहा वाजता फोनवर बोलत. फेब्रुवारीत बोग्ना गेली. संध्याकाळचे सहा रोज वाजतच राहिले.

सगळ्या संतांच्या दिवशी, एक नोव्हेंबरला, गाव नेहमीप्रमाणे आपापल्या मृतांसाठी दिवे लावायला कब्रस्तानात लोटलं होतं. जादा बस सोडल्या होत्या, फाटकाबाहेर शेवंतीच्या कुंड्यांच्या ओळी लागल्या होत्या. इर्मीना आधी झेनोनकडे गेली. त्याच्या शेजारी तिचं स्वतःचं नाव आणि जन्मसाल सहा वर्षांपूर्वीच कोरून घेतलेलं होतं, पुढे एक आडवी रेघ. दोघांची नावं तिने एकाच फडक्याने पुसली. मग दोन गल्ल्या ओलांडून ती बोग्नाच्या थडग्याशी आली. दगड सप्टेंबरमध्ये बसवलेला, अजून नवाकोरा. तिने पानं झाडली, मेणदिवे मांडले, आणि तेवढ्यात मागून कोणीतरी इर्मीनाबाई अशी हाक मारली.

किंगा होती. दोन्ही हातांत दिवे, आई मागे कुठल्या तरी ओळखीच्या माणसाशी बोलत थांबलेली. इर्मीना झटकन दगडापुढे उभी राहिली. अंगावर जाड कोट असल्याने दगड बऱ्यापैकी झाकला गेला.

किंगा म्हणाली की बरं झालं भेटलात. त्या बोग्नाबाईंना तिने तीनदा फोन केला होता, दोनदा निरोपही ठेवला होता. परत आल्या का त्या? मग गारठलेल्या हवेत तसंच उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून असेल, किंवा मुलगी मुळातच चांगली होती म्हणून, तिने हातातला एक दिवा पुढे केला. "माझ्याकडे एक जास्त आहे. तुमच्या माणसासाठी लावू का? कोण होतं?"

इर्मीना बाजूला झाली.

किंगाने नाव वाचलं, तारखा वाचल्या. मग खाली वाकून दिवा लावला, काचेचं झाकण बसवलं आणि सरळ उभी राहिली.

"म्हणजे मी हिच्या फोनवर निरोप ठेवत होते," ती म्हणाली. "'पुलपेतबद्दल बोलायचंय, वेळ मिळाला की परत फोन करा' म्हणून."

"हो."

"आणि केला असता तर हिने फोन?"

"तर मलाही तिच्याशी बोलायचं होतं," इर्मीना म्हणाली.

मग किंगाला राग आला, आणि तो तिने आवाज न चढवता काढला. हा प्रश्न कोणाला हिणवायला ठेवलेला नाही, ती म्हणाली. गेल्या वर्षी एक म्हातारे गृहस्थ घरात वारले आणि कोणाला पत्ताच नव्हता. त्यांची मांजर अकरा दिवस त्यांच्यासोबत कोंडलेली होती. दार फोडलं तेव्हा किंगाच आत गेली होती. तिथे काय होतं ते तिने सांगितलं नाही. तेव्हापासून हा प्रश्न आहे.

इर्मीनाने ऐकून घेतलं. प्रयोगशाळेत एखाद्याने ठिपके न मोजता आकडा लिहिला तर ती त्याला दुसऱ्या दिवशी टेबलावर बसू देत नसे. हे ती किंगाला म्हणाली.

"खरंच कोणालाच विचारलं नाहीत?"

"चौघांना विचारलं."

"काय म्हणून विचारलंत?"

"'तुम्हाला जमणार नाही हे मला ठाऊक आहे, पण विचारून ठेवते', असं."

किंगाने कपाळावर हात मारला. "अहो, असं विचारलं तर माझ्या आईनेसुद्धा मला घरात घेतलं नसतं."

पण करार होणार नाही, हे तिने स्पष्ट सांगितलं. आईने लांबून हाक मारली आणि ती गेली. इर्मीना अंधार पडेपर्यंत तिथे उभी होती.

नवव्या दिवशी किंगाचाच फोन आला. आवाज कोरडा होता. संस्थेच्या दोन खोल्या भरल्या होत्या, पुलपेत इतर मांजरांना घाबरून कपाटामागे बसून राहिली होती आणि तिने खाणं सोडलं होतं. तिला एक तात्पुरतं घर हवं होतं. तात्पुरत्या घराला सत्ताविसावा प्रश्न लागत नाही, कारण मांजर संस्थेचीच राहते. जाहिरात तशीच चालू राहील. योग्य माणूस आला की मांजर द्यावी लागेल. आणि दर आठवड्याला फोटो आणि नोंदी पाठवायच्या, जाहिरातीसाठी.

"खऱ्या नोंदी," किंगा म्हणाली.

"खऱ्या," इर्मीना म्हणाली.

पुलपेत आली ती तीन किलो ऐंशी ग्रॅम भरली. पिंजऱ्याचं दार उघडल्यावर वीस मिनिटांनी ती बाहेर आली, चार पावलं चालली आणि थांबली. मग वळून चार पावलं परत. इर्मीनाने टेप घेऊन अंतर मोजलं: दीड मीटर. मांजर नऊ वर्षं ज्या पिंजऱ्यात राहिली होती त्याची लांबी तेवढीच असणार. खोली पाच मीटर लांब होती, पण तिच्या लेखी चौथ्या पावलापुढे भिंत होती. इर्मीनाने वाटी तिसऱ्या पावलाशी ठेवली.

सकाळ-संध्याकाळ ती कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने मांजरीचे डोळे पुसायची. पुलपेत तोंड फिरवायची नाही, जवळही यायची नाही; एखादी वस्तू स्वच्छ करून घ्यावी तशी बसून राहायची. तिच्याशी काय बोलावं हे इर्मीनाला बरेच दिवस सुचलं नाही. शेवटी ती तिला तापमान सांगू लागली. आज उणे दोन. आज उणे पाच, वारा नाही.

अकराव्या दिवशी पुलपेतने पाचवं पाऊल टाकलं. पंजा जमिनीवर ठेवायच्या आधी ती इतका वेळ तो हवेत धरून होती की इर्मीनाने हातातला चमचा खाली ठेवला, आवाज होऊ नये म्हणून. मग पंजा टेकला. काहीच झालं नाही. पुलपेतने सहावं टाकलं नाही. ती मागे फिरली आणि झोपली. इर्मीनाला हे कोणाला तरी सांगावंसं वाटलं. घड्याळात सहाला पाच कमी होते. तिने वहीत लिहिलं: पाच पावलं.

नाताळापर्यंत मांजर खिडकीपाशी पोचली. जानेवारीत केस दीड सेंटिमीटर वाढले, राखाडी-निळे, आणि खिम्याच्या गोळ्यातून पांढऱ्या वाड्याची कोणीतरी बाहेर यायला लागली. वीस जानेवारीला ती आपणहून इर्मीनाच्या मांडीवर चढली. चौदा मिनिटं बसली.

त्या आठवड्याच्या नोंदी लिहायला इर्मीना बसली तेव्हा तिला आधीच दिसत होतं काय होणार ते. 'मांडीवर येते' हे दोन शब्द जाहिरातीत गेले की फोन वाजायला लागतील. तिने लिहिलं: अजून बुजते. ते खोटंही नव्हतं. टपाल आलं की पुलपेत पलंगाखाली जात असे. त्या दोन शब्दांकडे ती बघत राहिली. मग ते खोडून तिने लिहिलं: वजन तीन किलो तीनशे नव्वद. केस दीड सेंटिमीटर. मांडीवर आली, चौदा मिनिटं. फोटो खिडकीतल्या उजेडात काढलेला जोडला आणि पाठवून दिलं.

फोन गुरुवारी आला. शनिवारी व्वोत्सवावेकहून एक बाई बघायला येणार होती, आणि किंगाला दुकान सोडून येता येणार नव्हतं. तात्पुरत्या घराचं मत धरलं जातं, किंगा म्हणाली. तुम्हीच विचारा काय विचारायचं ते.

बाईचं नाव अल्दोना. पन्नाशीला टेकलेली, रुंद खांद्यांची, बूट दारातच काढून मोज्यांवर आत येणारी. तिने मांजरीला हात लावायची घाई केली नाही. जमिनीवर बसली आणि चहा तिथेच घेतला. थोड्या वेळाने पुलपेत येऊन तिच्या बुटांचा वास असलेले मोजे हुंगून गेली. इर्मीनाला हे दिसलं आणि बाई चांगली आहे हेही कळलं. कळलं नसतं तर सोपं झालं असतं.

ती प्रश्नांचा कागद घेऊन बसली. जाळी? बसवून घेईन. आधी मांजर होतं? होतं, अठरा वर्षं जगलं. काम काय? अल्दोना जर्मनीत ब्रेमेनजवळ एका म्हाताऱ्या गृहस्थांची देखभाल करत होती. सहा आठवडे तिकडे, सहा आठवडे घरी.

"मग ते सहा आठवडे मांजर कोणाकडे?"

"शेजारणीकडे किल्ली देईन." अल्दोनाने कप खाली ठेवला. "आता बोलल्यावर मलाच कळलं ते कसं वाटतं. खरं सांगू? आणखी चार-पाच वर्षं आहेत माझी तिकडची. मग मांजर घेईन असंच ठरवलं होतं. पण हिचा फोटो पाहिला आणि गाडीत बसले."

इथे इर्मीनाला फक्त नाही म्हणायचं होतं. कागदावर तसं लिहिलं असतं तर ते खरंही ठरलं असतं, आणि अल्दोना राग न धरता घरी गेली असती. मग पुढच्या शनिवारी दुसरं कोणी आलं असतं. तिने कागद बाजूला ठेवला. हात मांडीवर ठेवले. आपला आवाज तिला जरा मोठाच वाटला.

"मला ही मांजर हवी आहे. माझ्या नावावर. त्यासाठी माझ्यानंतर तिला घेणारं माणूस लागतं, आणि माझ्याकडे कोणी नाही. तुम्ही सही कराल का?"

अल्दोनाने तिच्याकडे पाहिलं, मग मांजरीकडे.

"वय काय तुमचं?"

"त्र्याहत्तर."

"हिचं?"

"नऊ. पर्शियन पंधरापर्यंत जगतात. कधी सोळा."

"रक्तदाब?"

"गोळी घेते. नीट आहे."

"जिना?"

"तीन मजले. रोज दोनदा."

"मी म्हातारी माणसं रोज बघते," अल्दोना म्हणाली. "तुम्ही हिला पुरून उराल. म्हणजे मी सही करायची आणि हातात काहीच यायचं नाही."

"बहुतेक नाही."

अल्दोना मोठ्याने हसली. पुलपेत पलंगाखाली पळाली. हसू ओसरल्यावर अल्दोनाने एक व्यवहाराची गोष्ट विचारली. ती असणार ब्रेमेनला. इर्मीनाला काही झालं तर तिला कळणार कसं?

दोघींनी त्यावर टेबलाशी बसून विचार केला, आणि ठरलं ते असं. दर रविवारी दहा वाजता इर्मीना पुलपेतचं वजन करते, तो आकडा तिने अल्दोनाला पाठवायचा. सोमवारी दुपारी बारापर्यंत आकडा आला नाही, तर अल्दोना किंगाला फोन करील. घराची एक किल्ली किंगाकडे राहील. अल्दोनाने सत्ताविसाव्या प्रश्नापुढे नाव लिहिलं, नंबर लिहिला, सही केली, पलंगाखाली वाकून पुलपेतला अच्छा केलं आणि दारात बूट चढवून निघाली.

ती परत येईल असं काही बोलणं झालं नाही, आणि इर्मीनानेही ते विचारलं नाही. सोमवारी किंगा करार घेऊन आली. कागद पुरा झाला.

रविवारी सकाळी इर्मीनाने काट्याच्या ताटलीत फडकं पसरलं आणि पुलपेतला त्यावर बसवलं. आकडा स्थिर व्हायला तिने नेहमीप्रमाणे दहापर्यंत मोजलं. मग चष्मा लावून फोनवर एकेक अक्षर शोधत लिहिलं: ३ किलो ४२० ग्रॅम. पाठवलं. जगात आता एक माणूस होतं, ज्याला आपण मेल्याचं सोमवारी दुपारपर्यंत कळेल, असं तिच्या मनात आलं, आणि त्यात तिला वाईट वाटण्यासारखं काही सापडलं नाही. तिने डोळे पुसायचा कापूस कोमट पाण्यात टाकला. बाहेर उणे सात होतं. ते तिने पुलपेतला सांगितलं.

चाळीस मिनिटांनी फोन वाजला. अल्दोनाचं उत्तर होतं, दोनच शब्दांचं.

'आणि तुमचं?'

इर्मीनाने ते दोनदा वाचलं. मग ती न्हाणीघरात गेली आणि झेनोनच्या वेळचा वजनकाटा कपाटामागून ओढून काढला. त्यावरची धूळ पुसली, चपला काढल्या आणि उभी राहिली. काटा थरथरला. तिने दहापर्यंत मोजलं.

'एकसष्ट,' तिने लिहिलं. 'अंगावर स्वेटर आहे.'